परतीची कमान

इ. स. १९०९ च्या प्रारंभी लंडनहून मुंबई बंदरात उतरलेल्या एका पेटीच्या चोरतळाखाली वीस ब्राउनिंग पिस्तुले दडवलेली होती. ती सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या हाती धाडली होती. आणि त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्यानंतर जे खटले उभे राहिले, त्यांच्या कैफियतींतून आणि जबान्यांतून ‘ब्राउनिंग’ हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. पुढे कित्येक वर्षे मराठी माणसाच्या मनात ते नाव एका शस्त्राचे होते. ते अमेरिकेच्या यूटा प्रांतातील ऑग्डेन गावच्या एका बंदूक घडविणाऱ्याच्या घराण्याचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या घराण्यातील जॉन मोझेस ब्राउनिंग याने पिस्तुलात जे अनेक फेरफार केले त्यांत सर्वांत नम्र, सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण असा फेरफार म्हणजे नळीला समांतर बसविलेली, वेटोळ्यांची, पोलादी तारेची एक कमान होय. तिची निवड कोणी, केव्हा आणि कोणत्या विचाराने करावयाची, या प्रश्नाला जवळजवळ सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

स्प्रिंगेला आपल्याकडील जुने कारागीर कमानच म्हणत. घड्याळाची कमान, कुलपाची कमान, बंदुकीच्या कळेतील कमान. शब्द फारसीतला, आणि त्याचा मूळ अर्थ धनुष्य. या एका शब्दात त्या यंत्रभागाचे सारे कुळ सामावलेले आहे, कारण वाकवून धरलेल्या द्रव्याने पूर्वस्थितीला येण्यासाठी जोर करावा आणि त्या जोरातून माणसाने काम करून घ्यावे, ही युक्ती धनुष्याइतकीच पुरातन आहे. मराठी शिलेखान्यांत प्रथम तोड्याच्या बंदुका होत्या, मागाहून चकमकीच्या आल्या. आणि चकमकीच्या बंदुकीत घोड्याला झेप घ्यावयास लावणारी जी दुबेळक्याच्या आकाराची चपटी कमान असे, तिच्यावर साऱ्या शस्त्राची भिस्त असे. ती घडविणे हे लोहारकामातील अवघड काम. पट्टी लालबुंद तापवावी, मध्ये वाकवून दुमडावी, तेलात विझवून कडक करावी आणि मग तो कडकपणा उतरविण्यासाठी अंगावरचे तेल पेटवून जळू द्यावे. हात किंचित चुकला तर कमान मऊ राही, नाही तर ऐन वेळी कडकन मोडे. परंतु येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या कमानीचे काम एकाच दिशेचे होते. ती घोडा पुढे फेकी आणि तेथे तिचे कर्तव्य संपे. घोडा पुन्हा मागे ओढणे, दारू भरणे, गोळी ठासणे, हे सर्व शिपायाच्या हाताने व्हावयाचे. बंदुकीचा जो धक्का खांद्याला बसे तो सोसावयाचा आणि विसरावयाचा.

तो वाया जाणारा धक्काच कामाला जुंपावा, ही कल्पना ज्याने प्रथम पूर्णपणे सिद्धीस नेली तो हायरम मॅक्सिम. १८८० नंतरच्या दशकात त्याने लंडनमध्ये जी यंत्रतोफ बनविली तिच्यात धक्क्याने मागे गेलेले भाग एका ताणलेल्या स्प्रिंगेने परत पुढे येत, आणि येता येता नवे काडतूस घेऊन येत. मॅक्सिमची वारस जी व्हिकर्स तोफ ब्रिटिश सैन्याने १९१२ साली स्वीकारली, तिच्या डाव्या अंगाला एका पेटीत ही स्प्रिंग असे. तिचा ताण ७ ते ९ पौंडांच्या दरम्यान असावा असा शिरस्ता होता, तो ताणकाट्याने मोजीत, आणि पेटीच्या टोकाचा स्क्रू फिरवून कमीजास्त करीत. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. कारखान्याने एकदा ठरवून दिलेला जोर रणांगणावरील गोलंदाजाने स्वतः मोजावा, तोफ थंड आहे की तापलेली, तिच्यात धूळ किती, तेल किती, याचा विचार करून तो वाढवावा वा उतरवावा, हा अधिकार तेथे शिपायाच्या हाती आला. पिस्तूलवाल्यांच्या हाती तो यावयास आणखी बराच काळ लोटावा लागला.

पिस्तुलात ही युक्ती उतरविणे कठीण होते, कारण जागाच नव्हती. ह्यूगो बोर्शार्ट याने १८९३ साली बर्लिनच्या लुडविग लोव्हे कंपनीसाठी जे पिस्तूल केले, त्यात परतीची कमान घड्याळातल्यासारखी पट्टी गुंडाळून मुठीच्या मागे एका फुगीर पेटीत ठेवलेली होती. त्यामुळे ते हत्यार चालत असे, पण हातात धरले की मागे कुबड आल्यासारखे वाटे आणि तोल बिघडे. त्याचाच आराखडा सुधारणाऱ्या गेओर्ग लूगरने ते कुबड काढून टाकले आणि कमान मुठीच्या आत आणली. प्रारंभी ही कमान चपट्या पट्टीची होती, आणि स्विस सैन्याने १९०० मध्ये लूगरचे पिस्तूल मंजूर केले तेही याच रूपात. सहा वर्षांनी पट्टी जाऊन तिच्या जागी तारेचे वेटोळे आले, आणि जर्मन भूसेनेने १९०८ मध्ये स्वीकारले ते हे वेटोळ्याचे पिस्तूल. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे फेडर्ले बंधूंनी घडविलेल्या १८९६ च्या माउझर पिस्तुलात तर ही कमान खिटीच्या पोटातच दडवलेली होती. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या अवधीत एकच प्रश्न बुद्धिमान माणसांनी तीन तऱ्हांनी सोडविला. आणि तिन्ही ठिकाणी कमान ही जेथे जागा मिळेल तेथे कोंबलेली वस्तू राहिली.

ब्राउनिंगचे वेगळेपण येथे दिसते. त्याने पिस्तुलाचा आकारच कमानीभोवती बेतला. नळीवर एक सरकते आच्छादन, ज्याला स्लाइड म्हणतात, ते बसवावे. धक्क्याने ते मागे जावे, जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकावी आणि घोडा चढवावा. आणि कमानीने ते पुन्हा पुढे आणताना मुठीतील वरचे काडतूस ढकलीत नेऊन नळीत बसवावे. त्याच्या ज्या पिस्तुलाला १९०० चे म्हणून ओळखतात, जे बेल्जममधील लिएजजवळच्या एर्स्ताल येथील फाब्रिक नास्योनाल या कारखान्यात तयार होई, त्यात कमान नळीच्या वर आहे, आणि विशेष म्हणजे परतीचे काम आणि काडतुसावर आघात करणाऱ्या सुईला जोर देण्याचे काम, ही दोन्ही त्या एकाच कमानीकडे सोपविलेली आहेत. काटकसरीचा याहून सुंदर नमुना यंत्रविद्येत विरळा. पुढे १९०३ च्या पिस्तुलात कमान नळीखाली गेली, आणि १९१० च्या पिस्तुलात ती नळीलाच वेढून बसली. हेच १९१० चे पिस्तूल २८ जून १९१४ रोजी सारायेव्होच्या रस्त्यावर गाव्हरिलो प्रिन्सिपच्या हातात होते.

या सर्व लहान पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकविलेली नसत. बारुदीचा दाब स्लाइडला मागे लोटी, आणि तिला आवरून धरावयाला तिचे स्वतःचे वजन आणि कमान यांखेरीज दुसरे काही नसे. अशक्त काडतुसाला हे पुरते. काडतूस जबरदस्त असले की पुरत नाही. स्पेनमधील गेर्निका येथे उनसेता कंपनीने १९२१ पासून आस्त्रा ४०० हे पिस्तूल केले, त्यात जोरकस ९ मिलिमीटर काडतूस कोणत्याही अडसरावाचून चालविले. पण त्यासाठी स्लाइड जड करावी लागली आणि कमान इतकी कडक ठेवावी लागली की ती हाताने मागे ओढताना सशक्त मनुष्याचीही बोटे दुखावीत. अडसराचे काम कमानीवर लादले म्हणजे काय होते याचे हे उत्तम उदाहरण आहे.

अमेरिकी सैन्याला .४५ चे काडतूस हवे होते. त्यासाठी ब्राउनिंगने कोल्ट कंपनीकरिता जे पिस्तूल केले त्यात नळी आणि स्लाइड यांना खाचांनी परस्परांत अडकविले, आणि नळीखाली एक लहानसा दुवा ठेवला. दोन्ही भाग थोडे बरोबर मागे जातात, मग दुव्याच्या ओढीने नळी खाली झुकते, खाचा सुटतात आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. मार्च १९११ मध्ये या पिस्तुलाची अंतिम परीक्षा झाली. एकाच पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडावयाच्या, मध्ये विश्रांती थोडी, आणि हत्यार फार तापले तर पाण्यात बुडवून थंड करावयाचे, असा तो कसोटीचा क्रम होता. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल ३७ वेळा अडखळले; कोल्टचे एकदाही नाही. २९ मार्चला सरकारी हुकूम निघाला आणि ते पिस्तूल सैन्याच्या सेवेत रुजू झाले.

आता जो मुद्दा मला मुख्यतः मांडावयाचा आहे तो या पिस्तुलाच्या आधारे नीट सांगता येईल. या १९११ च्या पिस्तुलाची ठरीव कमान १६ पौंडांची धरली जाते. हा आकडा म्हणजे कमानीचे वजन नसून, स्लाइड पूर्ण मागे गेली असता दाबल्या गेलेल्या कमानीचा जो विरोध असतो तो होय. सुमारे सव्वासात किलोचा. गोळी झाडली जाते त्या क्षणी काडतुसाच्या बुडावर बारुदीचा जो रेटा येतो तो काही हजार पौंडांच्या घरातला असतो. सोळा पौंडांनी हजारो पौंड कसे अडवावयाचे? ते अडतच नाहीत. साधारण १५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने नळीबाहेर पडते, तोपर्यंत तिच्याहून तीसेक पट जड असलेली स्लाइड आणि नळी ही जोडी जेमतेम सूतभर मागे सरकलेली असते. त्या अवधीत दाब आवरून धरतात त्या खाचा आणि ते जडत्व. कमानीला अजून फारसे काही कळलेलेही नसते. नंतर स्लाइड वेगाने मागे येते, तिचा थोडासा वेग कमान खाते, थोडासा घोडा चढविण्यात जातो, उरलेला सांगाड्यावर आदळून मुठीवाटे हाताला पोहोचतो. मग ती कमान, जी इतका वेळ दबत होती, आपले खरे काम आरंभिते: स्लाइड परत नेणे, वाटेत काडतूस उचलणे, ते नळीत बसविणे आणि खाचा पुन्हा अडकविणे. इंग्रजीत तिला धक्क्याची स्प्रिंग म्हणतात, आणि या नावानेच पिढ्यान्‌पिढ्यांचा गैरसमज पोसला आहे. तिला परतीची कमान म्हटले असते तर कितीतरी चांगली पिस्तुले अकाली झिजली नसती.

हा गैरसमज व्यवहारात आला तो निवडीचा अधिकार वापरणाऱ्याकडे आल्यावर. सैन्यात असे काही नव्हते. काडतूस एक, कमान एक, आणि दोन्ही सरकारने मुक्रर केलेली. परंतु ओहायो प्रांतातील कॅम्प पेरी येथे १९०७ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय नेमबाजी सामन्यांत हेच लष्करी पिस्तूल कागदी निशाणावर चालू लागले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील नेमबाजांनी हलकी, चापट नाकाची, कमी बारुदीची काडतुसे पसंत केली; कारण ५० यार्डांवर कागदाला स्वच्छ भोक पाडावयास मोठ्या जोराची गरज नसते. मात्र हलक्या काडतुसाने सोळा पौंडांची कमान पुरती दबेना. स्लाइड अर्ध्या वाटेवरून परतू लागली. कधी पुंगळी दारातच धुराड्यासारखी उभी अडके, कधी स्लाइड पुढचे काडतूस न उचलताच रिकामी बंद होई. तेव्हा शस्त्रकारांनी आणि स्वतः नेमबाजांनीही कमानीची दोन-चार वेटोळी कापून टाकावयास सुरुवात केली. हा उपाय सोपा होता आणि अशास्त्रीयही. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे कमान जितकी दबेल तितका तिचा विरोध वाढतो. वेटोळी कमी केली की दर इंचाला वाढणारा विरोध उलट अधिक होतो, आणि कमान आखूड झाल्याने, स्लाइड बंद असताना तिला मिटवून धरणारा जो आरंभीचा दाब असतो तो मात्र घटतो. म्हणजे जेथे जोर हवा तेथे तो जातो आणि जेथे नको तेथे राहतो. मूळची बारीक तारेची किंवा निराळ्या अंतराने वळलेली कमान घेणे हाच खरा मार्ग.

असा मार्ग उपलब्ध होण्यासाठी एकसारख्या गुणाची तार हवी, आणि तिचा इतिहास शस्त्रांच्या इतिहासाबाहेरचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने उष्णतेने संस्कारित केलेली जी बळकट पोलादी तार सिद्ध केली ती प्रथम पियानोत गेली. १८६६ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी घातलेल्या तारायंत्राच्या दोरालाही तिनेच कवच पुरविले. आजही उत्तम स्प्रिंगेच्या तारेला त्या व्यवसायात संगीताची तार असेच नाव आहे. मिरजेचा तंतुवाद्य घडविणारा कारागीर सतारीवर जी पोलादी तार चढवितो ती याच कुळातली. मला या नात्यात काहीच विसंगत वाटत नाही. दोन्ही ठिकाणी तारेकडून एकच अपेक्षा असते, की हजारदा ओढली-सोडली तरी तिने आपला स्वर सोडू नये. चपट्या कमानीला जसे पेटत्या तेलाचे पाणी द्यावे लागे तसे या तारेला द्यावे लागत नाही. बळ तिच्यात ओढतानाच आलेले असते. ती थंड असताना सळईभोवती वळावयाची, मंद आचेवर थोडी शेकावयाची, आणि एकदा पूर्ण दाबून तिची पहिली लांबी बसवून घ्यावयाची. लोहाराच्या हातातील जोखीम अशी नाहीशी झाली म्हणूनच पेनसिल्व्हेनियातील वुल्फ यांच्यासारख्या स्प्रिंग-कारखान्यांना एकाच पिस्तुलासाठी पौंडा-पौंडाच्या अंतराने कमानी विकता आल्या, दहा-अकरापासून वीसच्याही पुढे.

आणि येथेच मोह उत्पन्न झाला. हलकी काडतुसे वापरणाऱ्यांनी हलकी कमान घेतली हे योग्यच झाले. परंतु पूर्ण जोराची काडतुसे वापरणाऱ्या पुष्कळांनी ‘अधिक कडक तितकी अधिक सुरक्षित’ असे मानून सोळाच्या जागी वीस, बावीस पौंड चढविले, की सांगाड्याला मार बसू नये. सांगाड्याचा मार थोडा उणा झाला खरा. पण मागे न बसलेला मार पुढे बसू लागला, कारण दाबलेली कमान जेवढे घेते तेवढे परत देते. तिने स्लाइड अशा जोराने मिटविली की नळीखालचा दुवा, त्यातून जाणारी आडवी खीळ आणि नळीच्या तळाचे पाय यांवर दर खेपेला घण पडू लागला, पिस्तुलाचे तोंड प्रत्येक गोळीनंतर खाली डुलू लागले, आणि काडतुसे वर उचलणाऱ्या मुठीतील दुसऱ्या कमानीला वेळ पुरेना. माझे मत स्पष्ट आहे: ज्या काडतुसाने पुंगळी स्वच्छ बाहेर पडते आणि स्लाइड दर वेळी पूर्ण मागे जाते, त्या काडतुसाला तेवढे करू देणारी जी सर्वांत कडक कमान, तीच योग्य, तिच्यापलीकडचा प्रत्येक पौंड यंत्रावरचा अत्याचार आहे. जाणते शस्त्रकार पुंगळ्या किती दूर पडतात ते पाहून हे ठरवीत. पायाशीच पडल्या तर कमान जड, अंगणापार गेल्या तर हलकी किंवा थकलेली. आखूड पिस्तुलांची गोष्ट मात्र वेगळी. कोल्टने १९४९ मध्ये काढलेल्या कमांडर पिस्तुलात स्लाइड आखूड, म्हणून हलकी, म्हणून त्याच काडतुसाने ती अधिक वेगाने मागे येई. तिला १८ पौंडांची कमान लागली, आणि ती वाढ न्याय्य होती.

ब्राउनिंग हे सारे पाहावयास राहिला नाही. १९२६ च्या नोव्हेंबरात एर्स्तालच्याच कारखान्यात, काम करीत असता, त्याचे हृदय बंद पडले. त्याने अर्धवट ठेवलेले पिस्तूल त्याचा तेथील सहकारी द्यूदोने सेव्ह याने पुरे केले. १९३५ मध्ये ते हाय-पॉवर नावाने बाहेर पडले, युद्धकाळात कॅनडाच्या टोरांटोत जॉन इंग्लिस कंपनीने ते बनविले, आणि पुढे स्वतंत्र भारतात बंगालच्या इशापूर रायफल कारखान्यात त्याच घडणीचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्या सैन्यासाठी तयार होऊ लागले. याला जे ९ मिलिमीटरचे काडतूस लागते ते घडविणाऱ्या कारखान्यांत आपली खडकी आहे, जिचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि खानदेशातील वरणगावही आहे. कमान बंगालची आणि बारूद महाराष्ट्राची, आणि दोघांचा मेळ बसला नाही तर शिपायाचे हत्यार अडणार. म्हणून काडतुसाच्या प्रत्येक खेपेच्या दाबाची नि वेगाची तपासणी हा कमानीच्या निवडीचाच दुसरा अर्धा भाग आहे. खेळाच्या पिस्तुलातही हा मेळ लागतोच: कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ साली पालेम्बांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले ते .२२ च्या इवल्या काडतुसावर. त्या जातीच्या पिस्तुलात परतीची कमान इतकी हळुवार असावी लागते की किंचित चिकटलेले तेलही तिला भारी पडावे.

कमान थकते, आणि थकताना आवाज करीत नाही. काही हजार गोळ्यांनंतर ती थोडी आखूड झालेली असते, इतकेच. म्हणून शस्त्रकार पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घेतो, त्याचे तोंड आकाशाकडे करतो, स्लाइड मागे ओढतो आणि हाताने धरूनच, अगदी सावकाश, पुढे जाऊ देतो. स्वतःच्या वजनाविरुद्ध वर चढत जाऊन ती शेवटची सूतभर वाट आपल्या बळाने पुरी करते की मध्येच थबकते, ते तो पाहतो. थबकली, तर तो पिस्तूल उघडतो, जुनी कमान काढून नव्या कमानीशेजारी मेजावर उभी करतो, दोघींच्या उंचीतील फरक एकदा डोळ्यांनी मापतो, आणि जुनी बाजूला ठेवून नवी तेलात बुडवितो.